नानांची खिडकी

चाळीसगावहून धुळ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर, गाव मागे पडलं की डाव्या हाताला एका शिक्षणसंस्थेचं आयटीआय लागतं. पत्र्याची लांब शेड, पुढे दोन कडुनिंब, आणि आत पाऊल टाकलं की तेलाचा आणि लोखंडाच्या किसाचा वास. या शेडच्या पूर्वेच्या भिंतीला एक खिडकी आहे. बाकीच्या खिडक्यांत पोरं डबे ठेवायची, ओले रुमाल वाळत घालायची, कट्ट्यावर बसून मोबाइल बघायची. या एका खिडकीत मात्र कोणी साधी पाण्याची बाटली ठेवली तरी जुनी पोरं नव्याला हटकायची. ती नानांची खिडकी होती.

नाना म्हणजे योगराज नाना, फिटर ट्रेडचे निदेशक, म्हणजे शिकवणारे. निदेशक हा शब्द फक्त ऑफिसातल्या पाटीवर. पोरं त्यांना नाना म्हणायची आणि पोरांना सोडायला आलेले बापही नानाच म्हणायचे, कारण त्यातले काही बाप याच शेडमध्ये त्यांच्या हाताखाली घासून गेले होते.

घासून हा शब्द इथे अगदी सरळ अर्थाने घ्यायचा. फिटरचं शिक्षण कानशीपासून सुरू होतं. तळहाताएवढा लोखंडाचा तुकडा बाकावरच्या व्हाइसमध्ये, म्हणजे शिकंज्यात, आवळायचा आणि कानशीने घासत राहायचं, त्याची बाजू सपाट आणि कोपरा काटकोनात येईपर्यंत. ऐकायला सोपं वाटतं. ज्याला सोपं वाटतं त्याने एकदा येऊन दुपारपर्यंत घासावं आणि मग संध्याकाळी भाकरीचा घास मोडून दाखवावा.

तुकडा झाला असं पोराला वाटलं की तो घेऊन नानांकडे जायचं. नाना खिडकीपाशी उभे राहायचे. तुकड्याला गुण्या लावायचे, म्हणजे काटकोन तपासायचं पोलादी माप, आणि दोन्ही डोळ्यांसमोर धरून खिडकीच्या उजेडात बघायचे. लोखंड कुठे केसभर जरी खोल असलं तरी गुण्या आणि तुकड्याच्या मधून उजेडाची रेघ दिसते. रेघ दिसली तर नाना रागावायचे नाहीत, शिव्या द्यायचे नाहीत, एक शब्दही बोलायचे नाहीत. तुकडा पोराच्या तळहातावर परत ठेवायचे. बस. त्या गप्प बसण्याने भल्याभल्यांना रडवलेलं आहे. आणि कुठूनच रेघ दिसली नाही तर म्हणायचे, "अंधार शे." या दोन शब्दांसाठी पोरं महिना महिना झिजायची, आणि ते कानावर पडले की घरी जाऊन आईला सांगायची.

आयटीआयला येणारं पोरगं बहुतेक वेळा कुठून तरी परत पाठवलेलं असतं. दहावीला गणिताने हात दाखवलेला असतो, सायन्सला नंबर लागलेला नसतो, आणि बाप म्हणालेला असतो, कापूस वेचण्यापेक्षा जा, काहीतरी शिकून ये. त्याला वाटत असतं की आपलं काही खरं नाही. अशा पोराला कामाची गोडी लावायची कशी, यावर साहेबलोकांची मोठमोठी भाषणं होतात, फळ्यावर बाण काढून दाखवतात. नानांना भाषण येत नव्हतं. ते म्हणायचे, आधी त्याला एका जागेवर उभं राहायला शिकवा. कानशीवर कानस ठेवायची नाही. सुटी होण्याआधी कानशीचे दाते तारेच्या ब्रशने साफ करायचे आणि आपल्या व्हाइसखालचा कीस आपणच उचलायचा. आणि एक गोष्ट ते दर वर्षी नव्या पोरांना पहिल्या दिवशी सांगायचे, अहिराणीत, कारण मनातलं काही सांगायचं असलं की त्यांना दुसरी भाषा सुचायची नाही.

"मी दखस म्हनीसन घासू नका रे पोरेहो. मी उद्या नही ऱ्हायनू तरी लोखंड तेच ऱ्हाई."

नाना बघतात म्हणून घासायचं नाही, हे ऐकून पोरं माना डोलवायची. पहिल्या दिवशी सगळेच माना डोलवतात.

नानांच्या शब्दाला बाहेर किंमत होती. जळगावच्या एमआयडीसीत एका कारखान्याच्या टूलरूमचा प्रमुख हितेंद्र म्हणून होता, तो नानांच्याच हाताखालचा. दर वर्षी निकाल लागला की त्याचा फोन यायचा, "नाना, यंदा कोणाला पाठवता?" नाना चार-पाच नावं सांगायचे आणि ती पोरं पुढच्या सोमवारी कामाला लागायची. ना परीक्षा, ना मुलाखत. हितेंद्र आपल्या साहेबांना सांगायचा की नानांच्या खिडकीतून आलेलं पोरगं आपण तपासत नाही.

निवृत्तीला थोडी वर्षं राहिली असताना नानांच्या डोळ्यांचं सुरू झालं. आधी दिव्याभोवती रंगीत कडं दिसायला लागलं. मग चालताना दाराची चौकट खांद्याला लागायला लागली, ताटातली वाटी हाताला सापडेनाशी झाली. पत्नी लताबाईंनी हट्ट धरून त्यांना धुळ्याला डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. काचबिंदू निघाला. डॉक्टर म्हणाले, उशिरा आलात, गेलेली नजर परत येत नाही, राहिलेली टिकवायची म्हणून थेंब घालत चला. नानांनी त्यातलं थेंब घालत चला एवढंच ऐकलं. माणसाला जे ऐकायचं असतं तेवढंच तो ऐकतो, त्यात नाना काही वेगळे नव्हते.

खरी गोष्ट अशी की त्यांना भीती वाटत होती. शेड सोडून आपण घरात बसलो आहोत हे चित्र त्यांना सहन होत नव्हतं. लताबाईंना ते कळत होतं. त्या सकाळ-संध्याकाळ थेंब घालायच्या आणि त्यांच्या नकळत घरातलं सामान सरकवत राहायच्या. स्टूल भिंतीशी गेलं, पाण्याचा माठ वाटेतून हलला, चपला रोज त्याच फरशीवर ठेवल्या जाऊ लागल्या. नाना कुठे धडकेनासे झाले आणि त्यांना वाटलं, थेंबांनी गुण आला.

शेडमध्ये त्याच वर्षी एक नवल घडलं. पोरं एकाएकी चांगली निघाली. खिडकीपाशी जो तुकडा येईल तो पास. नाना गुण्या लावायचे, डोळ्यांसमोर धरायचे, इकडून तिकडून वळवायचे, आणि कुठेच रेघ दिसायची नाही. अंधार शे, अंधार शे, अंधार शे. एवढ्या वर्षांत वर्षभर मिळून जितक्यांदा म्हटलं नसेल तितक्यांदा ते आता आठवड्यात म्हणायला लागले. घरी येऊन लताबाईंना सांगायचे, "लता, जनमभर अशी बॅच दखी नही. माले वाटस, मना हातले आते कोठे यश येवाले लागनं." त्या हो म्हणायच्या आणि ताटात भाजी वाढायच्या. ते वर्ष नानांच्या आयुष्यातलं सगळ्यात सुखाचं वर्ष होतं, आणि हे लिहिताना हात जड होतो.

या बॅचमध्ये एकच मुलगी होती, भूमिका. जामद्याची. बाप कापूस आणि थोडा मका करणारा, आई मंजुळाबाई घर आणि दोन म्हशी सांभाळणारी. ड्रेस मेकिंगच्या जागा भरल्या म्हणून हिने फिटर घेतलं असं ऑफिसात सांगायचे. ती मात्र सांगायची की मला लोखंडच पाहिजे होतं. धुळे गाडीने यायची, केसांना ओढणी घट्ट बांधायची आणि कोपऱ्यातल्या व्हाइसवर उभी राहायची. पहिल्या वर्षी तिच्या तळहाताला फोड आले, फुटले, परत आले. नानांनी तिला एकदाच विचारलं होतं, सोडायचं का? ती म्हणाली होती, आधी एक तुकडा होऊ द्या.

दुसऱ्या वर्षाचा शेवटचा तुकडा प्रत्येकाने आपल्या मनासारखा करून द्यायचा, अशी नानांची रीत होती. चौकोनी तुकडा, सगळ्या बाजू सपाट, सगळे कोपरे काटकोनात. तो खिडकीत पास झाला की पोराचं नाव जळगावला सांगायला नाना मोकळे. सगळ्यांचे तुकडे पास होऊन कपाटात गेले. भूमिकाचा येईना. ती रोज यायची, तोच तुकडा आवळायची आणि हलक्या हाताने घासत राहायची.

तिने नानांना एकदा कडुनिंबाखाली गाठून सांगितलं होतं, "नाना, जळगावले मनं नाव सांगा. दिवाळीपर्यंत काम नही लागनं ते बाबा मनं लगन लाई देतीन."

"सांगसू ना. पहिले तुना तुकडा दे," नाना म्हणाले होते.

आता दिवस संपत आले तरी तुकडा आला नाही, तेव्हा नाना तिच्या व्हाइसपाशी गेले. शेडमध्ये सगळे होते.

"बठ्ठास्ना तुकडा व्हयनात. तुना काब नही?"

"अजून थोडा उजेड दिसस, नाना."

नानांनी हात पुढे केला. तिने तुकडा दिला. ते खिडकीपाशी गेले, गुण्या लावला, डोळ्यांसमोर धरला, वळवून बघितला. "अंधार शे," ते म्हणाले. "ठेव कपाटमां."

भूमिकाने तुकडा घेतला. गुण्या लावून तिने स्वतः एकदा खिडकीकडे धरून बघितला. आणि तो परत व्हाइसमध्ये आवळला.

शेडमधल्या सगळ्या कानशी थांबल्या. नानांनी पास म्हटलेला तुकडा कोणी परत व्हाइसमध्ये आवळल्याचं त्या शेडने कधी बघितलं नव्हतं. नानांचा चेहरा लाल झाला. मघाशी म्हटलं, ते रागावायचे नाहीत. त्या दिवशी रागावले.

"मनी नजर कमी पडी गयी का तुले?"

तिने नुसतं हो म्हटलं असतं तरी सगळं तिथेच उलगडलं असतं. तिने मान खाली घातली. "नही नाना. तुमनी नजर बरोबर शे. मनाच हात कच्चा शे."

"ते मंग घास बठ जनमभर," नाना म्हणाले आणि खुर्चीवर जाऊन बसले. मागे कोणीतरी फिसकन हसलं. भूमिकाची कानस परत सुरू झाली.

पुढे परीक्षा झाली, निकाल लागला, ती चांगली पास झाली. हितेंद्रचा फोन आला तेव्हा नाना बोलता बोलता तिच्या नावापाशी थांबले. मनात म्हणाले, जी पोरगी वेळेवर काम हातात देत नाही तिला दुसऱ्याच्या कारखान्यात कोणत्या तोंडाने धाडू? वेळ पाळणं हाही कामाचाच भाग आहे, हे तर मीच शिकवतो. विचार काही चुकीचा नव्हता. कोणी त्रयस्थाने ऐकला असता तर मान डोलवली असती. नानांनी चंदनचं नाव सांगितलं, दीपकचं सांगितलं, आणखी तिघांची सांगितली. भूमिकाचं सांगितलं नाही.

आपल्या वस्तू न्यायला ती शेवटची आली त्या दिवशी नाना तपासणीला धुळ्याला गेले होते. कोणीतरी सांगितलं की ती दुपारपर्यंत व्हाइसवर घासत होती, मग कीस उचलला, कानस साफ केली आणि तुकडा फडक्यात गुंडाळून घेऊन गेली. नानांनी ऐकून घेतलं आणि विषय बदलला.

दिवाळी झाली. तुळशीचं लग्न झालं आणि जामद्याहून पत्रिका आली. लताबाई म्हणाल्या, "जावाले पाहिजे. पोरगीनं लगन शे."

"संध्याकाळनं लगन शे. माले अंधारमां दिसत नही," नाना म्हणाले. डोळ्यांचं कारण त्यांनी आपणहून पुढे केलं ते त्या एकाच वेळी. खरं म्हणजे ते अजून रुसलेले होते. एवढा मोठा माणूस, आणि एका पोरीवर रुसून बसला होता.

थंडी पडल्यावर एका सकाळी हितेंद्र स्वतः शेडमध्ये आला. न सांगता. बरोबर चंदन होता, त्याने नानांच्या पायाला हात लावला आणि लगेच मागे सरला. हितेंद्रने नव्या पोरांना बाहेर कडुनिंबाखाली जाऊन बसायला सांगितलं. नाना खुशीत होते. "काय म्हनतस मना पोरे?" त्यांनी विचारलं.

"नाना, रागावू नका," हितेंद्र म्हणाला. "पाचही जण परत पाठवावे लागतील. मी तीन महिने साहेबांपुढे त्यांना झाकून घेतलं. म्हटलं नानांची पोरं आहेत, शिकतील. पण त्यांचं एकही काम बसत नाही."

"कसं काय? मी स्वतः दखेल शे."

हितेंद्रने खिशातून एक तुकडा काढून त्यांच्या हातावर ठेवला. "हा चंदनने परवा केलेला. बघा."

नाना आपल्या खिडकीपाशी गेले. सकाळचं ऊन सरळ आत येत होतं. त्यांनी गुण्या लावला, तुकडा डोळ्यांसमोर धरला, वळवला. बराच वेळ बघितला. मग सुटकेच्या आवाजात म्हणाले, "अंधार शे. काय बोलस तू?"

चंदनने भिंतीकडे तोंड केलं. हितेंद्रने बाकावरचा जुना पेपर घेतला, त्याची बोटभर रुंद पट्टी फाडली, आणि नानांच्या हातातल्या गुण्या आणि तुकड्याच्या मधून ती आत सरकवली. नानांना पट्टी दिसली नाही. पण कागद सरसरत आरपार गेल्याचा आवाज आला, आणि पलीकडून बाहेर आलेलं त्याचं टोक त्यांच्या बोटाला लागलं.

हितेंद्रने ती पट्टी परत एकदा ओढली. परत आवाज झाला.

नानांनी गुण्या सदऱ्याच्या कडेने पुसला. कितीतरी वेळ पुसत राहिले. मग तिथेच खिडकीच्या कट्ट्यावर बसले, जिथे आजवर कोणी बसलं नव्हतं.

"चंदन," ते म्हणाले, "कोनकोनले माहीत व्हतं?"

चंदन भिंतीकडेच बघत म्हणाला, "सगळास्ले, नाना. एक दिन मी चुकीसन अर्धाच घासेल तुकडा तुमना हातमां दिधा. तुम्ही म्हनात, अंधार शे. मंग बठ्ठास्ले समजनं."

या पोरांना चार शिव्या घालणं फार सोपं आहे. सतरा-अठरा वर्षांची पोरं, दुपारची गाडी पकडायची घाई, आणि समोर एक माणूस काहीही दिलं तरी पास म्हणतोय, वर खूश होतोय. तो खूश होतोय याचंही त्यांना बरं वाटत होतं, हे चंदनने नंतर सांगितलं, आणि ते खोटं नसावं.

"भूमिकाले?" नानांनी विचारलं. आवाज एकदम बारीक झाला होता.

"तिलेच सगळास्ना पहिले समजेल व्हतं. चौकट तुमना खांदाले लागे ना, तव्हयपाशी. ती आमले म्हने, नानाले कोनी सांगानं नही, त्यास्ले शेड सोडनी पडी. पन त्यास्ले दिसत नही ते आपला तुकडा आपुनच नीट दखाना. आम्ही तिले हसूत."

नाना बसल्या जागी पुढेमागे डोलत होते. शाळेतल्या बाकांवरून उठवलेली, घरातून टोमणे ऐकून आलेली किती पोरं त्यांनी या व्हाइसवर उभी केली होती. तीस वर्षं. त्यांना वाटलं होतं, आपण पोरांच्या हाताला काम लावलं, मनाला वळण लावलं. आता कळलं की पोरं लोखंडाला नव्हे, नानांच्या डोळ्याला भीत होती, आणि डोळा मिटताच सगळं वळण गेलं. जिला एकटीला ते शिकवणं कळलं तिला ते सगळ्यांसमोर घालून पाडून बोलले आणि त्यांनी तिचं नाव गिळून टाकलं.

"हितेंद्र, खरं सांग," ते म्हणाले. "तूबी मी दखस म्हनीसनच घासे का?"

हितेंद्रला खोटं बोलता आलं असतं. त्याने खाली बघितलं. "सुरुवातीला तुमची भीतीच होती, नाना. नंतर सवय लागली. भीती कधी गेली आणि सवय कधी लागली, ते मलाही सांगता यायचं नाही."

नानांनी मान हलवली. त्या दिवशी त्यांनी शेडच्या किल्ल्या ऑफिसात नेऊन दिल्या आणि ते घरी आले. लताबाईंना म्हणाले, "तू सामान सरकाडस, नही का?" लताबाईंनी डोळ्यांना पदर लावला.

पुढच्या रविवारी नाना धुळे गाडीने जामद्याला गेले. लताबाई हात धरून बरोबर होत्या. पिशवीत तेलकट फडक्यात गुंडाळलेला त्यांचा स्वतःचा गुण्या होता. भूमिकाचं घर विचारत गेले. बाप शेतात होता. मंजुळाबाई ओट्यावर कापसाच्या काड्या रचत होत्या. नानांचं नाव ऐकून त्यांनी हात पुसले, पाणी दिलं, गोधडी अंथरली.

"भूमिका शे का?" नानांनी विचारलं, जणू पत्रिका आलीच नव्हती.

"ती सुरतले शे ना, नाना. जवाई लूमवर शे. तीबी जास, साड्यास्ना गठ्ठा बांधस." मंजुळाबाई कौतुकाने सांगत होत्या. "मालक म्हनस, हिनी बांधेल गठ्ठा कधीच सुटत नही. बरं चाली ऱ्हायनं तिनं."

नानांनी विचारलं, "एक लोखंडना तुकडा लयेल व्हती का ती घर? चौकोनी?"

"शे ना." मंजुळाबाई आत गेल्या आणि तुकडा घेऊन आल्या. पदराने पुसत म्हणाल्या, "मी दूधना पातेलावर ठेवस. मांजर झाकन पाडस ना. जाताना माले सांगी गयी, पानीमां टाकू नको, तेल लायत जाजो. लायस मी."

नानांनी तुकडा हातात घेतला. दुधाचा वास आला. बोटं बाजूंवरून फिरली, कडांवर थांबली. पण बोटांवर त्यांचा आता विश्वास उरला नव्हता, डोळ्यांवर तर नव्हताच. त्यांनी पिशवीतून गुण्या काढला आणि तुकड्याला लावला.

लताबाईंनी हात पुढे केला. "द्या, मी दखस."

"नको," नाना म्हणाले. "तू माले बरं वाटाले म्हनीसन सांगशी."

त्यांनी तो जसाच्या तसा मंजुळाबाईंच्या हातात दिला, कसा धरायचा ते सांगितलं, आणि दाराकडे तोंड करून बघायला लावलं. बाहेर दुपारचं लख्ख ऊन होतं. मंजुळाबाईंनी एक डोळा मिटला, मान वाकडी केली. त्यांना हा खेळ काय आहे ते कळत नव्हतं.

"मधमां उजेड दिसस का?" नानांनी विचारलं.

"नही."

"नीट दखा. केसभर रेघ?"

"काहीच नही, नाना. अंधार शे."

नानांनी तुकडा वळवायला सांगितला. दुसरी बाजू. तिसरी. सगळ्या बाजू, सगळे कोपरे त्यांनी त्या बाईकडून बघून घेतले, आणि प्रत्येक वेळी ती तेच म्हणाली. नानांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचं त्यांना सुचलं नाही. मंजुळाबाई गोंधळून लताबाईंकडे बघायला लागल्या.

"तुमले पाहिजे का हाई?" त्यांनी विचारलं.

"नही. तिनं शे." नानांनी गुण्या फडक्यात गुंडाळला. "फोन करशात तव्हय तिले सांगा, नाना येल व्हतात. म्हना, तुना तुकडा पास व्हयना."

मंजुळाबाई भाबडेपणाने हसल्या. "सांगसू. पन आते तिले काय करनं शे त्यानं?"

आत भांडं वाजलं, मांजर आली असावी. मंजुळाबाई उठल्या आणि तुकडा आत नेऊन दुधाच्या पातेल्यावर परत ठेवला.